सुतकातला दोर

गोदाक्का दोर आधी ओठावरून फिरवायची. डोळे मिटून, वरच्या ओठावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू यायचं आणि हसणाऱ्याची मग धडगत नसायची. "बोटांचो काय भरवसो?" ती म्हणायची. "बोटां काम करून मेली. ओठ अजून जितो आसा." बोटं मेली होती हे काही खोटं नव्हतं. चुलीवरचा चहाचा टोप ती फडक्याशिवाय उतरवायची आणि अंगावर काटा माझ्या यायचा.

मी तिची शेजारीण. नाव फिलोमिना, पण गावातल्या हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे लहानथोर सगळे मला टीचर म्हणतात. गोदाक्काही टीचरच म्हणायची, फक्त एक 'गो' लावून. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक पाणंद. संध्याकाळी माझ्या अंगणातल्या क्रुसापुढे मेणबत्ती लागायला उशीर झाला की पलीकडून हाक यायची, "गो टीचर, तुझो देव काळोखात बसलो मगे!" मी फटकळ म्हणून गावात बदनाम आहे. मुख्याध्यापकांनाही मी तोंडावर सुनावत आले. गोदाक्कापुढे मात्र माझं काही चालायचं नाही, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

ती सुंभ वळायची, म्हणजे काथ्याचा दोर. मसुऱ्याच्या माहेरी आईकडून शिकून आली होती. नवरा होडीवर जाणारा. तो ऐन तिशीत काविळीने गेला. पदरात एकच मुलगा, विश्राम. त्याला तिने या दोरावर वाढवला. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, ती कोळंबच्या खाडीच्या चिखलात पुरून ठेवायची. किती दिवस ठेवायची, असं विचारलं की चिडायची. "दिस कसले मोजतंस? सोडण तयार झाला काय आपणच सांगता." जवळजवळ वर्षभर ती तिथे कुजायची. मग काळी झालेली, घाण मारणारी सोडणं बाहेर काढायची, लाकडी मोगरीने धोपटायची, खाडीच्याच पाण्यात धुवायची, सुकवायची आणि मांडीवर वळायला बसायची. त्या दिवसांत पाणंदीतून जाणारे नाकाला पदर लावत.

एकदा वास असह्य होऊन मी खिडकी धाडकन लावून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाई माझ्या पडवीत हजर, हातात मूठभर काळा काथ्या. "हुंग," म्हणाली. "गोदाक्का, मी चाय पितंय गो," मी म्हटलं. "चाय मगे. आधी हुंग. ह्यो वास जेका नाय तो दोर न्हय, केस आसत केस. खाडयेचा मीठ आत मुरूक व्हया. आत मुरलेला मीठ मगे भायर येणा नाय." मी हुंगलं आणि दुपारपर्यंत माझ्या घशाखाली काही उतरलं नाही. टीचर सोडण हुंगून उपाशी राहिली, हे तिने वाडीभर रंगवून सांगितलं.

नायलॉनचा दोर आला तेव्हापासून तिच्या सुंभाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मांडव बांधायला कुणी नेला तर नेला. तरी दरवर्षी सोडणं पुरायची आणि दरवर्षी वळायची. कशाला, असं मी विचारायचं सोडून दिलं होतं.

आता होडीचं सांगते, आणि त्यात पहिला हात माझाच आहे हेही सांगून टाकते.

आमच्या गावात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कुण्या जुन्या काळी गावातले सात जण मासेमारीची शिवलेली होडी घेऊन मस्कतला गेले आणि पुढल्या हंगामात सातही जण परत आले. शिवलेली म्हणजे अक्षरशः शिवलेली. एक खिळा नाही. फळीला फळी लावून, भोकं पाडून काथ्याच्या दोराने टाके घातलेले, वर राळ आणि उंडीचं तेल. निवृत्त झाल्यावर मला उद्योग नव्हता. मी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून विचारून ती गोष्ट लिहून काढली आणि एका मासिकाला पाठवली. ती वाचून एक साहेब आले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, समुद्राचं वेड असलेले, मनाने चांगले गृहस्थ. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे गावाने त्यांना नको नको ते म्हटलं. ते म्हणाले, तशीच होडी बांधू या आणि तशीच मस्कतला नेऊ या. कमिटी झाली. मी सेक्रेटरी. मी त्या दिवसांत इतकी फुगले होते की रस्त्यात कुणी विचारलं नाही तरी थांबून सांगत होते.

होडी बांधायला पलीकडल्या वाडीतला बाळा मेस्त मिळाला. तरुणपणी बापाच्या हाताखाली त्याने एक शिवलेली होडी पाहिली होती. दोरासाठी गोदाक्का, तिच्याशिवाय होतंच कोण? आणि तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणून साहेबांनी निवडला विश्राम. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या ट्रॉलरवर राबलेला, पण शिडाची होडी चालवायचं चुलत्याकडून शिकलेला. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला तेव्हा त्याची बायको सुमन तो घरोघर दाखवत फिरली. बिचारा लाजून दोन दिवस पारावर आला नाही.

गोदाक्काला मी ही बातमी द्यायला धावत गेले होते. वाटलं, साखर तोंडात घालील. ती "बरां" म्हणाली आणि वळत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "माझ्या दोराक माझोच झील टांगलो गो टीचर. आता चूक करून चलाचा नाय."

मग ती कामाला लागली. किनाऱ्यावर झावळ्यांच्या झापांची मोठी शाकार, म्हणजे मांडव, घातली होती, तिथे होडीचा कणा बसवला, त्याची पूजा झाली, गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. त्या क्षणापासून गोदाक्काच्या लेखी ती होडी देव होती. चपला बाहेर. दोर ओलांडायचा नाही. दोराच्या वेटोळ्यावर कुणी बसलं तर ते अख्खं वेटोळं ती उलगडून पुन्हा वळायची, बसणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. एकदा मुंबईहून आलेला एक फोटोग्राफर नेमका बसला. तिने त्याला काही म्हटलं नाही, फक्त समोर बसवलं आणि वळून होईपर्यंत सुटा काथ्या त्याच्या हातात धरायला दिला. तीन तास. गाडी चुकली त्याची.

साहेबांशी बोलताना ती शुद्ध मराठी बोलायची, शाळेतल्या पुस्तकासारखं, एकेक शब्द वेगळा काढून. "आपण म्हणता ते बरोबर आहे, परंतु आम्हांस वेळ लागेल." ती मालवणीत आली की समजायचं, भडका उडाला.

तो भडका मी एकदाच पाहिला. साहेबांनी दोराची ताकद मोजायला एक इंजिनियर आणला होता, त्याच्याबरोबर एक यंत्र. त्याने गोदाक्काचा दोर ताणला, मग बाजारातला यंत्रावर वळलेला काथ्याचा दोर ताणला. बाजारचा जास्त टिकला. इंजिनियरने कागदावर लिहून घेतलं. गोदाक्का बघत उभी होती. "आपण हा दोर भिजवला का?" तिने विचारलं. तो म्हणाला, "कोरडाच तपासतात, काकू." "परंतु होडी पाण्यात चालते." "काकू, ही पद्धत ठरलेली आहे." झालं. "तुजी पद्धत घाल चुलीत!" ती कडाडली. "म्हयनोभर खाऱ्या पाण्यात ठेय, रोज काढून सुकय, रोज हिसको दी, आनि मगे खेच! सुको दोर खेचूक काय, माझी नातवंडां पण खेचतीत!" तिला नातवंडं नव्हती. सगळे हसले आणि तीही शेवटी हसली. कागद मात्र फायलीत लागला. तो मीच लावला, सेक्रेटरी ना मी.

काम पुढे सरकलं. एकेक फळी चढत गेली. बाळा मेस्त बाहेरून टाका ओढायचा, गोदाक्का आत बसून दोर पुरवायची आणि प्रत्येक टाक्यावर ओठ टेकवून बघायची. दिवाळी झाली. वारा फिरला. तिकडच्या बंदराची परवानगी ठरावीक तारखांचीच मिळाली होती, त्यामुळे निघायचा दिवस पक्का झाला, पाहुण्यांना पत्रं गेली. उजव्या बाजूची वरून दुसरी फळी तेवढी शिवायची राहिली होती. होडी भरली की पाण्याची रेघ बरोबर त्या फळीवर येणार, म्हणजे लाटेचा मार तिथेच. गोदाक्काने त्या फळीसाठी सगळ्यात चांगला दोर राखून ठेवला होता. आदल्या आठवड्यातच वळून, तेल पाजून, घराच्या मागच्या खोपीत रचून ठेवला होता. मला दाखवायला नेलं होतं तिने, नव्या सुनेचे दागिने दाखवावेत तसं.

आणि मुंबईहून फोन आला. तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ वारला.

मी तिथेच शाकारीत होते. विश्रामने फोन खाली ठेवला आणि आईकडे बघितलं. गोदाक्काने हातातला दोर सोडला, उठली, होडीला पाठ न दाखवता मागे मागे चालत बाहेर आली आणि घरी गेली. विश्राम क्रियेसाठी संध्याकाळच्या गाडीने मुंबईला गेला. दहा दिवसांचं सुतक.

मला हे कळेना. म्हणजे सुतक काय ते ठाऊक होतं. जन्म इथे गेला माझा. सुतकातल्या घरातलं पाणी कुणी पीत नाही, त्या घरातली वस्तू देवाकडे जात नाही, हे मी लहानपणापासून बघत आले. आमच्यात माणूस गेलं की आम्ही काळे कपडे घालतो, मिस्सा सांगतो, पण कामाला हात लावू नये असं काही नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी राहिले. ती ओटीवर बसली होती, रिकाम्या हाताने. तिचे हात रिकामे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"गोदाक्का, त्या दिराक तू कधी बघलेलंस शेवटचा?"

"माझ्या लग्नात."

"मगे?"

"मगे काय? भावकी आसा."

"तू येव नको. दोर तरी दी. मी घेवन जातंय."

तिने मान हलवली. "सुतकातलो दोर देवाक लावतत काय गो? होडयेक लागलो तर होडी बाटतली. माझो झील तिच्यात बसतलो."

"आनि बाजारचो लागलो तर?"

ती खळ्यातल्या तुळशीकडे बघत राहिली. मला राग आला, खरंच सांगते, पायापासून डोक्यापर्यंत राग आला. तुमचा देव एवढा कसा नाजूक, असं काहीतरी मी बोलून गेले. तिने मला हाकललं नाही. "उद्या ये," एवढंच म्हणाली.

मी रोज गेले. रोज विचारलं. रोज तिने नाही म्हटलं. साहेबांनी पाच दिवस वाट पाहिली, सहाव्या दिवशी कसालच्या बाजारातून दोर मागवला. तोच, यंत्रावर जास्त टिकलेला. बाळा मेस्ताला मी बाजूला घेऊन म्हटलं, गोदाक्काच्या घरी दोर पडलाय, तू सांग साहेबांना. तो कानाला हात लावून म्हणाला, "टीचर, सुतकाच्या घरातसून दोर आनलो असा म्हणान माका सांगू नको. मी आयकूक नाय." आणि त्याने बाजारच्या दोराने ती फळी शिवली. कागद फायलीत होताच. कुणालाही काही वावगं वाटलं नाही. मलाही, खरं तर, दोन दिवसांनी वाटेनासं झालं.

अकराव्या दिवशी घर धुऊन, गोमूत्र शिंपडून, अंघोळ करून गोदाक्का थेट शाकारीत आली. कुणाशी बोलली नाही. उजव्या बाजूला गेली, वाकली आणि टाक्यांवरून ओठ फिरवत फिरवत होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग तिथेच वाळूत बसली.

"साहेब," ती शुद्ध मराठीत म्हणाली, "ही शिवण उसवावी लागेल."

साहेबांनी कागद दाखवला. तारीख सांगितली. पाहुणे, परवानगी, वारा, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मुंबईहून परतलेला विश्राम बाजूला उभा होता, डोकं भादरलेलं. ती त्याच्याकडे वळली. "विश्राम, तू सांग तेंका. तू तांडेल मा?"

विश्राम कधी आईला उलटून बोललेला मी ऐकला नव्हता. तो दिवस पहिला. "आये, दोर घरात दहा दिस पडलेलो. तेवा तू दिलंस नाय. आता सगळा ठरला आसा. आता कशाक?" आवाज चढला नव्हता त्याचा. 

साहेबांनाच मग दया आली. म्हणाले, निघायला चार दिवस आहेत, तेवढ्यात तुमच्या दोराने जेवढे टाके बदलता येतील तेवढे बदला. सुतक फिटलं होतं, घर शुद्ध झालं होतं, आता तिचा दोर चालणार होता. ती आणि बाळा मेस्त बसले. एक टाका उसवायचा, एक घालायचा, पुढून मागे. जेवायला ती घरी गेली नाही. सुमन डबा आणून द्यायची आणि तसाच परत न्यायची. मी काथ्या भिजवून दिला, राळ ढवळली, जे सांगेल ते केलं. तिच्या ओठाला बाजारच्या दोराची कुसळं लागून रक्त यायचं. चौथ्या दिवशी दुपारी होडीला हार घालायला माणसं आली, तेव्हा ती फळीच्या मधोमध पोचली होती. अर्धी शिवण तिची, अर्धी बाजारची. "आजून दोन दिस," ती म्हणाली. मोठ्याने नाही, बाळा मेस्ताला म्हणाली. मेस्ताने हत्यारं गोळा केली.

होडी पाण्यात गेली त्या सकाळी अख्खा गाव किनाऱ्यावर होता. बँड होता, भाषणं होती, एक माझंही होतं. काय बोलले ते आठवायला लागलं की अजून कान गरम होतात. विश्राम आईच्या पाया पडला. समुद्रावर जाणाऱ्याला अभद्र बोलायचं नाही, मागून हाक मारायची नाही. तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "उजवे बाजूक बसू नको, म्हटलंय." सुकाणू मागे, बाजारच्या टाक्यांजवळ; ते सोडून तांडेल कुठे बसणार, हे तिलाही कळत होतं.

सोबत एक इंजिनाची बोट होती. पहिले दिवस फोटो यायचे. शीड फुगलेलं, सात जण हसतायत. सुमन फोनवर दाखवायची, गोदाक्का बघायची नाही. ती खाडीवर जायची आणि पाण्यात पाय सोडून बसायची. वळायला सोडणं उरली नव्हती, आणि नवी पुरली नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "जमणा नाय गो. हात येत नाय." जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मी त्या दिवसांत बघितलं.

बातमी भर दुपारी आली. होडी फुटली. सोबतच्या बोटीने पाच जणांना उचललं. विश्राम आणि देवबागचा एक खलाशी मिळाले नाहीत. सुमन किंचाळली ती पाणंदीच्या या बाजूला मला ऐकू आली. 

पाचातला एक जण पंधरा दिवसांनी तिला भेटायला आला. मी होते. तो बिचारा मान वर करेना. म्हणाला, तीन दिवस फळीतून पाणी येत होतं. विश्राम सुकाणू दुसऱ्याकडे देऊन त्या फळीशीच बसला होता. चिंध्या कोंबत होता, स्वतःचा सदरा फाडून कोंबला. सारखा म्हणायचा, "म्होरा बघू नकात, म्होरा आयेचे टाके आसत. मागसून बघा." मग दुपारी आडव्या लाटा आल्या आणि फळी मधोमधपासून मागे उघडत गेली. सगळे उड्या टाकत होते. तो टाकेना, दोन्ही हातांनी फळी दाबून धरली होती त्याने. सोबतची बोट जवळ येईपर्यंत धरली, म्हणून पाच जण वाचले.

गोदाक्काने एकच विचारलं. "म्होरली बाजू?"

"म्होरली बाजू उसवूक नाय, आक्का. शेवटपर्यंत."

तिने मान हलवली. त्याच्यासाठी चहा टाकायला उठली. टोप उतरवताना चहा सांडला, तेव्हा मला हुंदका आवरेना. ती नाही रडली.

त्यानंतर जे तिने केलं ते गावाने अजून पचवलेलं नाही. भावकीतले जाणते आले होते. अंग मिळालं नाही, तेव्हा दर्भाचा पुतळा करून क्रिया करायची, आणि सुतक त्या दिवसापासून धरायचं, असं ते सांगत होते. ती ओटीवर उभी राहिली. "क्रिया करा. पुतळो जाळा. त्याका गती मिळांदे. पण सुतक मी धरूचंय नाय."

"असा कसा, गोदाक्का? पोटचो झील तुझो."

"तेचाच सुतक मी धरलंय. आधीच धरलंय. पुरे दहा दिस धरलंय."

 दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली. गुरवाने दारात आडवं येऊन हात जोडले, "आक्का, नको." ती त्याला ढकलून आत गेली, देवापुढे बसली, आणि उठून आली. काय बोलली देवाशी, कुणास ठाऊक. मग तिच्याकडचं पाणी लोकांनी बंद केलं, लग्नकार्याला बोलावणं बंद झालं. सुमनला भावकीतल्या बायका रस्त्यात गाठून ऐकवायच्या. साहेब एकदा आले होते, खळ्यातच उभे राहिले, रडले. ती त्यांना शुद्ध मराठीत म्हणाली, "आपला काही दोष नाही. आपण कागद बघितला." ते परत कधी आले नाहीत. मी कमिटीचा राजीनामा दिला, पण तो घ्यायला कमिटीच उरली नव्हती.

पाऊस संपल्यावर सुमनच्या भावाने दोघींना मुंबईला न्यायचं ठरवलं. मी कुडाळ स्टेशनवर पोचवायला गेले. दोन पिशव्या आणि एक पत्र्याची ट्रंक, एवढंच सामान. सुमन पाण्याची बाटली आणायला गेली होती. आम्ही दोघी बाकावर बसलो होतो.  मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, तिकडे पोचल्यावर फोन कर.

"टीचर गो," ती म्हणाली, "एक सांगतंय. रागाव नको."

"सांग."

"त्या दहा दिसांत मी मागच्या दाराक कडी घातलंय नाय." ती समोर रुळांकडे बघत होती. "दोर खोपीत नव्हतोच. पयल्या दिसाच काढून मागच्या पडवेत ठेवलेलंय, तुझ्या बाजूक. माझ्या हातान देऊक येय नाय. तोंडान 'घेवन जा' म्हणाक येय नाय. पण तुका खंय सुतक होता? तू न्हेवन ठेवलंस असतंस तर बाळा मेस्तान इचारला नसता, खंयसून इलो म्हणान. माका ठावक आसा तो." मग म्हणाली, "रोज वाटायचा, आज टीचर चोरून न्हेतली."

गाडी आली. सुमनने ट्रंक चढवली, मी पिशव्या दिल्या. ती खिडकीशी बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. गाडी हलली.  ते सगळे दिवस मी तिच्या दाराशी गेले होते. रोज पुढच्या दाराने, विचारायला.